‘घाण’ हा शब्द कशानं लिहायचा?

रत्नागिरीला दोन समुद्र आहेत. एक काळा, एक पांढरा. थट्टा नाही. रिक्षावाल्याला ‘पांढऱ्या समुद्रावर सोडा’ म्हटलं की तो बरोबर तिथंच सोडतो. मांडवीचा तो काळा समुद्र, मिऱ्याच्या बाजूचा तो पांढरा. लहानपणी मुंबईहून आलेल्या चुलतभावाला मी मोठ्या ऐटीत दोन्ही दाखवायला नेलं होतं. तो दोन्हीकडे पाण्यात पाय बुडवून उभा राहिला आणि म्हणाला, “पाणी तर सेमच आहे.”

होतंच सेम. काळी आणि पांढरी आहे ती वाळू. मांडवीच्या वाळूत इल्मेनाइट नावाचं जड काळं खनिज आहे, पलीकडची वाळू फिकी आहे. गावानं वाळूचा रंग उचलून पाण्याला दिला आणि एका अरबी समुद्राचे दोन विरुद्ध समुद्र झाले. भावाचं ते वाक्य ऐकून मी तेव्हा चिडलो होतो. इतक्या वर्षांनी ते पुन्हा आठवलं, ते एका कार्यशाळेमुळे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गावातल्या एका शाळेच्या रिकाम्या वर्गात अक्षरांची दोन दिवसांची कार्यशाळा होती. आम्ही बारा-पंधरा जण. कुणी एलिमेंटरी-इंटरमिजिएट देऊन थांबलेले, कुणी ए. टी. डी. करणारे, कुणी माझ्यासारखे नुसतेच हौशी, म्हणजे फोनवर चार ओळी डिझाइन करून स्टोरीला लावणारे. सरांनी फळ्यावर काम लिहून दिलं. विरुद्धार्थी शब्दांची एक जोडी निवडा. दोन्ही शब्द असे लिहा, की वाचण्याआधीच अर्थ पोचला पाहिजे. अट एकच, रंगपेटी बंद. अक्षराला जे काही लावाल ते याच गावात सापडलेलं हवं. माती, वाळू, काथ्या, करवंटी, जुना पेपर, काहीही.

सोपं वाटलं. शाळेत मराठीच्या पेपरात हा एकच प्रश्न असा असायचा, की जिथं मार्क जायचे नाहीत. डावीकडे दिवस, उजवीकडे रात्र. डावीकडे सुंदर, उजवीकडे कुरूप. मधे एक बारीक ‘×’. असं का, हे कुणी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचं नाही. पाठ केलं की झालं.

छापलेल्या पानावर हे खपून जातं, कारण तिथं सगळे शब्द एकाच कपड्यात असतात. तुमच्या फोनवर आत्ता ‘प्रेम’ टाइप करा, मग ‘द्वेष’ टाइप करा. जाडी तीच, उंची तीच, शिरोरेषा तीच. ‘पांढरा’ हा शब्दसुद्धा आपण काळ्या रंगातच वाचतो. र. कृ. जोशी हे मराठीतले मोठे सुलेखनकार आणि कवी. विंडोजमधला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांनी केला. वर्षानुवर्षं सरकारी पत्रांपासून कॉलेजच्या जर्नलपर्यंत सगळं त्या फाँटात छापलं गेलं. म्हणजे ‘अमंगल’ हा शब्दही मंगलमध्येच छापला गेला, आणि कुणाला काही खटकलं नाही. छापील अक्षराचा हा एक प्रामाणिकपणाच म्हणायचा. ते कुणाची बाजू घेत नाही.

बाजू घ्यावी लागते ती अक्षराला अंग द्यायला गेलं की. किती मोठं? कशाचं? वर की खाली? उजेडात की सावलीत?

पहिल्या तासाभरात मजाच चालली होती. एकानं ‘लहान’ हा शब्द कोळशानं अख्ख्या कार्डशीटभर लिहिला आणि ‘मोठा’ आंब्याच्या पेटीवरच्या लेबलाएवढ्या चिठ्ठीवर. आम्ही हसलो, पण डोळे क्षणभर अडखळले होते हे खरं. या अडखळण्याचा अभ्यास झालेला आहे. १९३५ साली जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं माणसांना रंगांची नावं वेगळ्याच रंगाच्या शाईत लिहून दाखवली. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत, असं. शाईचा रंग सांगा म्हटलं तर लोकांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागायचा. शब्द एक सांगतो, रूप दुसरं सांगतं आणि डोकं मधे अडकतं. घरी करून बघायचं असेल तर ‘मोदक’ नावाचा गोलमटोल देवनागरी फाँट घ्या आणि त्यात ‘बारीक’ असं लिहा.

माझ्या शेजारच्या बाकावर मिरकरवाड्याची एक मुलगी होती. घरची बोट आहे, वडील आणि भाऊ समुद्रावर जातात. तिनं काळा कागद घेतला, वाटीत मीठ कालवून घट्ट पाणी केलं आणि काडीला कापूस गुंडाळून त्यावर एकच शब्द लिहिला. भरती. ओला होता तोवर तो चमकत होता. सरांनी विचारलं, “दुसरा शब्द?” ती म्हणाली, “येईल.” दुपारपर्यंत पाणी सुकलं आणि कागदावर मिठाची पांढरी, खरखरीत, फाटक्या कडांची अक्षरं उरली. तिनं कागद सरांपुढे ठेवला. “ही ओहोटी.”

शब्द बदललाच नव्हता. पाणी गेलं होतं, एवढंच.

नंतर डबा खाताना तिनं मला आणखी एक गोष्ट सांगितली. पुनवेला आणि अवसेला उधाण येतं, अष्टमीच्या आसपास भांग असतो. उधाणात भरती जितकी वर चढते, तितकीच ओहोटीला खाडी जास्त रिकामी होते. भांगात दोन्ही बेताची. म्हणजे ही जोडी एकमेकींच्या वाटेतली नाही. एक वाढली की दुसरीही वाढते. शाळेतल्या त्या ‘×’ मध्ये हे कुठंच बसत नव्हतं.

मग मी विचार करत बसलो, की आपण ज्याला सरसकट ‘विरुद्ध’ म्हणतो त्यात किती वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्यात. थंड आणि गरम यांच्यामध्ये कोमट आहे, म्हणजे ती एक पट्टी आहे, तिच्यावर कुठंही उभं राहता येतं. जिवंत आणि मृत यांच्यामध्ये उभं राहायला जागा नाही. घेणं आणि देणं तर एकच घटना आहे, फक्त कुठल्या बाजूनं बघताय ते सांगा. आणि भरती-ओहोटी म्हणजे एकाच पाण्याचं येणं-जाणं.

आपली भाषा या बाबतीत आपल्या पाठ्यपुस्तकापेक्षा हुशार आहे. ‘परवा’ हा एकच शब्द होऊन गेलेल्या दिवसालाही चालतो आणि यायच्या दिवसालाही. कुठला ते क्रियापद ठरवतं. घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. पाठ दारातल्या माणसाकडे, तोंड रस्त्याकडे, आणि शब्द उलट्या दिशेचा. नारळ फोडला तर ‘वाढवला’. हातातली बांगडी फुटली तर ‘वाढवली’. फुटण्याची भीती वाटते म्हणून माणसानं फुटण्याला वाढण्याचं नाव दिलं. आमच्यातल्या एकानं हीच जोडी घेतली. करवंटीचे तुकडे चिकटवून त्यानं ‘वाढवला’ असं लिहिलं, आणि शब्दाच्या बरोबर मधून, ‘ढ’च्या पोटातून, एक सरळ भेग ठेवली. शब्द म्हणतोय वाढलं, अंग म्हणतंय फुटलं. दोन्ही खरं.

शब्दाला त्याच्या अर्थाचं अंग द्यायचं हे काम जगात पुष्कळांनी केलंय. फ्रेंच कवी गियोम आपोलिनेर यानं ‘कॅलिग्राम’ या संग्रहात, १९१८ साली, कवितेच्या ओळींनाच चित्राचा आकार दिला. आपल्याकडे कमल शेडगे यांनी आयुष्यभर मराठी नाटकांची शीर्षकं अशी काढली, की पेपरातल्या जाहिरातीतल्या नावावरूनच नाटकाचा नूर कळावा. जुन्या छापखान्यातला खिळा तुम्ही कधी हातात घेतला असेल तर एक गोष्ट लक्षात आली असेल. त्याच्यावरचं अक्षर उलटं असतं. उलटं असतं म्हणूनच कागदावर सुलटं उमटतं. खुद्द ‘अक्षर’ हा शब्दही विरुद्धार्थीच आहे, जे क्षर नाही ते अक्षर. जे झिजत नाही, नासत नाही ते. आणि आम्ही ते वाळूनं आणि मिठाच्या पाण्यानं लिहीत होतो.

आता मी काय केलं ते सांगतो. हा लेख त्याच्यासाठीच लिहितोय.

मी ‘स्वच्छ’ आणि ‘घाण’ ही जोडी घेतली होती. ‘स्वच्छ’साठी चुना वापरला. पांढऱ्या कार्डशीटवर चुन्याच्या निवळीनं, भरपूर मोकळी जागा सोडून, सरळ उभी अक्षरं. ‘घाण’साठी सकाळी येतानाच बंदराकडे वळलो होतो आणि जेट्टीजवळून पिशवीभर सामान गोळा करून आणलं होतं. माशांची वाळलेली खवलं, फाटक्या जाळ्याचा निळा तुकडा, बर्फाच्या पेटीचा तुटका थर्माकोल, काळपट चिखल. ‘घ’ची वळणं चिखलात बरबटवली. काना म्हणून जाळ्याची दोरी लोंबती ठेवली. सगळ्यावर खवलं उधळली. लांबून बघितलं तर वास यावा असं झालं होतं. जवळ गेलं तर येतच होता. मी खूश होतो. फोन काढून दोन-तीन कोनांतून फोटोही घेतले.

ती मिठाचा कागद वाळवून परत येत होती. माझ्या बाकाशी थांबली. खवलांकडे बघितलं, जाळ्याच्या तुकड्याला हात लावून बघितला. जाळं कुठल्या प्रकारचं ते बहुतेक तिला कळलं असावं. मग म्हणाली, “आमच्यात ह्याला घाण नाय बोलत.”

मी म्हटलं, “अगं, तसं नाही, मला फक्त टेक्स्चर हवं होतं.”

ती म्हणाली, “खवलं दिसली म्हणजे त्या दिवशी मासळी मिळाली. नाय दिसली तर घाण.”

आणि ती तिच्या जागेवर जाऊन बसली. भांडली नाही. आवाजसुद्धा चढला नव्हता. मी त्या कागदाकडे बघत राहिलो. मी तिच्या घराला काही बोललो नव्हतो. मी काहीच बोललो नव्हतो. मी फक्त एका शब्दाला अंग देत होतो, आणि त्यासाठी कुठं जायचं हे माझ्या पायांना आधीच माहीत होतं. सकाळी घरातून निघताना मला प्रश्नच पडला नव्हता, की घाण कुठं मिळेल. आमची आंब्याची कलमं आहेत. मोसमात आमच्या खळ्यात कुजलेल्या आंब्यांचा ढीग असतो, माश्या घोंघावत असतात, फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे पडलेले असतात. सीझन नव्हता हे खरं, पण डबे तर बारा महिने तिथंच असतात. ते मला आठवले नाहीत. मला बंदर आठवलं.

टाइप केलेल्या ‘घाण’ या शब्दानं माझं हे गुपित कधीच बाहेर काढलं नसतं. कीबोर्डवर दोन अक्षरं आणि एक काना, बस. ते बाहेर आलं कारण मला सामान निवडावं लागलं. विरुद्धार्थी शब्दांच्या जोडीला दोन बाजू असतात हे मला माहीत होतं. त्यातल्या दुसऱ्या बाजूला मी कुणाला उभं करतो हे मला माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी जाण्याआधी मी पतितपावन मंदिराकडून गेलो. मुद्दाम असं नाही, वाटेवरच आहे. आयुष्यभर ते नाव वाचत आलोय, पण त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, की ही तर विरुद्धार्थी शब्दांची जोडी आहे. पतित आणि पावन, मधे ‘×’ नसलेली, एका शिरोरेषेखाली लिहिलेली. हे मंदिर १९३१ साली उभं राहिलं. सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यांच्या पुढाकारानं आणि भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून ते झालं, आणि कुठल्याही जातीच्या माणसाला आत यायला मोकळं ठेवलं गेलं. ज्या काळात देवळाच्या पायरीवरून माणसं परत पाठवली जात होती, त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

तरी त्या संध्याकाळी मला ते नाव टोचलं. पतितांना पावन करणारा तो पतितपावन, हे देवाचं जुनं विशेषण आहे. अभंगांत ‘पतित’ हा शब्द पुष्कळदा संत स्वतःसाठी वापरतात. मी पडलेला आहे, मला उचल, असं. स्वतःबद्दल म्हटलं की त्यात नम्रता असते. तोच शब्द उचलून समोरच्या रांगेतल्या माणसांना लावला, की काय होतं? दार तर उघडलं, पण आत येणाऱ्यानं आधी ‘मी पडलेला’ हे मान्य करून यायचं का? आणि मी आजवर ज्या सहजपणे त्या दारातून आत गेलो, तो काय पतित म्हणून गेलो होतो? मी तर कायम स्वतःला नावाच्या दुसऱ्या अर्ध्यातच धरलं होतं.

आता हे शब्द अक्षरांत लिहून बघा. मी त्या रात्री वहीत बघितले. ‘पतित’ काढायचा तर अक्षरं शिरोरेषेपासून सुटून खाली पडलेली दाखवावी लागतात. पत् म्हणजे पडणं. चित्र पूर्ण होतं. कुणी ढकललं हे दाखवायची गरज पडत नाही. पडला बिचारा. ‘अस्पृश्य’ काढायला गेलं तर सगळा खेळ पहिल्या ‘अ’चा. तो झाकला की ‘स्पृश्य’ उरतो, शिवण्याजोगा. तो ‘अ’ तसा वाईट नाही. ‘अमूल्य’मध्ये तोच किंमत वाढवतो, ‘अमर’मध्ये मरण काढून घेतो. याच गावात राहून सावरकरांनी देवनागरी सुटसुटीत करायला अि, अी, अु अशी ‘अ’ची बाराखडी सुचवली होती, सगळे स्वर एका ‘अ’च्या खांद्यावर. पण ‘अस्पृश्य’ या शब्दात तो ‘अ’ दुसरंच काम करतो. शिवू नये असा. वाचताना विशेषण वाटतं, असतो तो हुकूम. आणि हुकूम कुणी दिला हे त्या शब्दात कुठंच लिहिलेलं नाही.

मग ‘बहिष्कृत’ काढायला घेतला आणि पेन्सिल थांबली. बाहेर केलेला. ‘कृत’ आहे म्हणजे करणारा आहे. नुसती अक्षरं चौकटीबाहेर लिहून भागत नाही, ती बाहेर ढकलणारा हात काढावा लागतो. हात काढला नाही तर शब्द अपुरा राहतो. डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. १९२४ साली त्यांनी संस्था काढली ती बहिष्कृत हितकारिणी सभा. १९२७ साली पाक्षिक काढलं ते ‘बहिष्कृत भारत’. ही नावं मी स्पर्धा परीक्षेच्या तयारीत सनावळीसकट पाठ केली होती. तो शब्द हातानं काढायला घेईपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं, की त्यात एक बोट रोखलेलं आहे, आणि ते बाहेर काढलेल्याकडे नाही, काढणाऱ्याकडे आहे. ‘दलित’ हा शब्दही तसाच. दळलेला, भरडलेला. जातं आपोआप फिरत नाही.

संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदात अस्पृश्यता नष्ट केल्याचं म्हटलंय. तिथं मूळ इंग्रजी मजकुरात तो शब्द अवतरणचिन्हांत आहे. ती दोन बारीक चिन्हं मी फोनवर झूम करून बघितली. कायद्याच्या अभ्यासकांकडे त्याची कारणं असतील. मला अक्षरवाला म्हणून त्यात एवढंच दिसलं, की हा शब्द आम्ही आमचा म्हणून वापरत नाही आहोत, लोक असं म्हणतात म्हणून चिमट्यात धरून समोर ठेवतोय. संबंध शब्द न बदलता, फक्त दोन्ही बाजूंना दोन खुणा करूनही भूमिका घेता येते.

इथं तुम्ही म्हणाल, की शब्द कसा काढला यानं काय फरक पडतो? नाव बदललं म्हणून विहिरीचं पाणी मिळतं का? बरोबर आहे. पाणी संघर्षानं मिळालं, सुलेखनानं नाही. माझ्या चुन्या-चिखलाच्या कागदानं बंदरावर कुणाचं काही वाकडं झालं नसेल. पण माझं झालं. मी सकाळी न विचार करता जिथं गेलो, तिथंच उद्या भाड्यानं घर देताना, मित्र निवडताना, डब्यातल्या वासावरून नाक मुरडताना न विचार करता जाणार आहे. हात आधी शिकतो, डोकं नंतर कारणं शोधतं.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे, आणि तो मी त्या रात्री स्वतःलाच घेतला. सगळीच विरुद्धता माणसानं रचलेली असेल, काळा समुद्र आणि पांढरा समुद्र एकच असेल, तर मग खरं-खोटंही एकच का? न्याय आणि अन्याय हीसुद्धा भरती-ओहोटीच का? असं म्हणणारे लोक मला भेटलेत. ‘सगळं सापेक्ष असतं रे,’ असं ते म्हणतात, आणि बहुतेक वेळा त्यांना कसला तरी हिशोब टाळायचा असतो. ज्याला बाहेर काढलं गेलं त्याला जाऊन ‘आत आणि बाहेर हे शेवटी एकच’ असं सांगणं म्हणजे दुसऱ्यांदा दार लावणं आहे.

मला सापडलं ते उत्तर साधं आहे. जोडी समोर आली की बघायचं, दुसरा शब्द कशाला चिकटतोय, माणसाच्या करण्याला की माणसाच्या असण्याला? खोटं बोलणं, लुबाडणं, ढकलणं या करण्याच्या गोष्टी आहेत. तिथला ‘×’ ठळक काढावा, जाड शाईनं काढावा, त्याला कोमट करू नये. पण घाणेरडा, कुरूप, पतित, अस्पृश्य हे शब्द जेव्हा माणसाच्या असण्याला चिकटतात, तेव्हा तो ‘×’ कुणी काढला हे विचारावं. आणि सामान बदलून बघावं. ‘स्वच्छ’ खवलांनी लिहिला आणि ‘घाण’ चुन्यानं लिहिला तर काय बिघडतं? माझ्या पोटात काहीतरी बिघडलं. म्हणजे ती जोडी जगात कमी आणि माझ्यात जास्त होती.

दुसऱ्या दिवशी सरांना मी नवा कागद मागितला. ‘बहिष्कृत’ करायचा होता. विरुद्ध शब्द? सरांनी विचारलं. ‘आतला’ म्हणू की ‘स्वीकृत’ म्हणू, मला ठरवता येईना. सर म्हणाले, “आधी एक तर कर.” गेरू भिजवला, चिऱ्याची भुकटी मिसळली. कागदाच्या उजव्या कडेला शब्द लिहिला, शेवटचा ‘त’ अर्धा कागदाबाहेर जाईल असा. आता हात. पहिल्यांदा चित्र म्हणून हात काढला. तो कुणाचाही हात झाला, कॅलेंडरवरच्या आशीर्वादाच्या हातासारखा. खोडला. पेपरातून कापून कुणाचा तरी फोटो चिकटवावा असं मनात आलं. ते तर आणखी सोपं होतं, दुसऱ्याचा हात. शेवटी माझाच पंजा गेरूत बुडवला आणि शब्दाच्या डावीकडे जोरात दाबला. बोटं ‘ब’वर चढली, ‘ब’ फरफटला.

ती बघायला आली. मी काही विचारलं नाही. तिनं थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, “हात चांगला आलाय. अक्षर बेकार.”

अक्षर खरंच बेकार आलं होतं. ‘ष्कृ’ जमलंच नव्हतं. आदल्या दिवशीचे ‘घाण’चे फोटो मी फोनमधून उडवले नाहीत. स्टोरीलाही लावले नाहीत. ते तसेच आहेत, मधूनमधून स्क्रोल करताना समोर येतात.

तुम्हाला करून बघायचं असेल तर कार्यशाळा लागत नाही. एक जोडी घ्या, शहरी-गावठी, हुशार-ढ, आपला-परका, कुठलीही. फोन बाजूला ठेवा आणि दोन्ही शब्द घरात, अंगणात, गल्लीत मिळेल त्या वस्तूंनी लिहा. पहिला शब्द पटकन होईल. दुसऱ्या शब्दासाठी सामान आणायला उठाल तेव्हा तुमचे पाय कुठल्या दिशेला वळतात, तेवढं बघा.